दमट गोव्यातली स्थिर विद्युत: कॉम्प्युटर उघडताना घ्यायची काळजी

"गोव्यात कसलं आलंय स्टॅटिक? इथं हवेत नुसतं पाणी भरलंय." म्हापशापासून मडगावापर्यंत कुठल्याही दुरुस्तीच्या दुकानात रिस्ट स्ट्रॅपचा, म्हणजे अंगावरचा चार्ज काढून टाकणाऱ्या मनगटाच्या पट्ट्याचा, विषय काढा, बहुतेक हेच ऐकायला मिळेल. यात तथ्य आहे, पण अर्धेच. दमट हवेत प्रत्येक वस्तूवर ओलाव्याचा अतिशय पातळ थर बसतो आणि साठलेला चार्ज त्या थरावरून निथळून जातो. त्यामुळे दिल्लीच्या थंडीत दाराच्या कडीला हात लावताच बसतो तसा चटका आपल्याकडे क्वचितच बसतो. पण चटका बसला नाही म्हणजे चार्ज नव्हता, असे नाही.

माणसाला स्टॅटिकचा झटका जाणवायला साधारण ३,००० व्होल्ट लागतात. त्याखालचे काही आपल्याला कळत नाही. उलट इलेक्ट्रॉनिक कारखान्यांत सर्रास पाळले जाणारे अमेरिकेचे एस २०.२० हे मानक १०० व्होल्टपर्यंतच तग धरू शकणारे सुटे भाग डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेले आहे. १०० आणि ३,००० यांच्यामध्ये जो पट्टा उरतो, त्यात रॅम खराब होऊ शकते आणि ती हातात धरणाऱ्याला काही कळतही नाही. गोव्यातले बहुतेक नुकसान होते ते याच पट्ट्यात.

या विषयातले जुने, नेहमी दिले जाणारे आकडे पाहिले की चित्र स्पष्ट होते. हवेतली आर्द्रता १० ते २० टक्के असताना गालिच्यावरून चालणाऱ्या माणसावर ३५,००० व्होल्टपर्यंत चार्ज साठू शकतो. आर्द्रता ६५ ते ९० टक्के असेल तर तोच आकडा १,५०० वर येतो. व्हिनाइलच्या जमिनीवर चालताना १२,००० चे २५० होतात. टेबलावरची साधी प्लॅस्टिकची पिशवी उचलताना २०,००० चे १,२०० होतात आणि फोमच्या खुर्चीवरून उठताना १८,००० चे १,५००. म्हणजे आपला पावसाळा हा चार्ज दहापट, वीसपट कमी करतो, काही ठिकाणी त्याहूनही जास्त. तरी उरतो तो आकडा १०० च्या वरच आहे.

चिपच्या आत काय होते तेही थोडक्यात सांगतो. ट्रान्झिस्टरच्या गेटखाली विद्युतरोधक ऑक्साइडचा थर असतो आणि आजच्या चिपमध्ये त्याची जाडी काही नॅनोमीटर एवढीच असते. असा थर एका नॅनोमीटरला साधारण एका व्होल्टपर्यंतच टिकतो. चिपच्या पायांजवळ संरक्षणाची व्यवस्था केलेली असते म्हणून ती शेकडो व्होल्ट तरी सहन करते. पण त्या व्यवस्थेलाही मर्यादा आहे. थर पूर्ण फुटला तर भाग तिथल्या तिथे मरतो, आणि खरे तर ते बरे, कारण बिघाड कशाने झाला ते लगेच कळते. अर्धवट इजा झालेला भाग मात्र चालू राहतो. मग दोन महिन्यांनी निळा स्क्रीन, मध्येच रीस्टार्ट, विंडोज पुन्हा टाकूनही न जाणारी अडखळ. तोपर्यंत त्या रॅमला कोणी कसा हात लावला होता, हे कोणाच्या लक्षात नसते.

गोव्यात धोका कधी आणि कुठे

जून ते सप्टेंबर, खिडक्या उघड्या आणि पंखा चालू असलेल्या घरात, धोका सर्वांत कमी. डिसेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत चित्र बदलते. सह्याद्रीकडून मतलई वारे उतरतात, हवा कोरडी होते, ओठ फुटतात. समुद्राकडून खारे वारे सुटले की ओलावा परत येतो. वाळपई, सांगे, धारबांदोडा अशा आतल्या भागांत समुद्रकाठापेक्षा हा कोरडेपणा जास्त जाणवतो. त्या दिवसांत मशीन उघडायचेच असेल तर खारे वारे सुटल्यावर उघडा. यात एक पैसाही जात नाही.

पण ऋतूपेक्षा मोठा गुन्हेगार एसी आहे. एसी हवेतले पाणी काढून बाहेर टपटप टाकतो, ते आपण रोज पाहतो. पणजीतले बंद ऑफिस, बँकेची शाखा, आणि सगळ्यांत जास्त म्हणजे हॉटेले. चोवीस तास एसी, भिंतीपासून भिंतीपर्यंत सिंथेटिक गालिचा, पॉलिएस्टरचा गणवेश आणि चाकांची फोमची खुर्ची. कळंगुट-कांदोळीच्या एखाद्या हॉटेलात रिसेप्शनचे मशीन सांभाळणाऱ्याने "गोव्यात स्टॅटिक नसते" हे वाक्य विसरलेलेच बरे. बाहेर ऑगस्टचा पाऊस कोसळत असला तरी त्या खोलीत ऑगस्ट नसतो.

दुसऱ्या बाजूने हेही सांगायला हवे की इथे बिघडणाऱ्या प्रत्येक मशीनचा ठपका स्टॅटिकवर ठेवू नये. किनारपट्टीच्या खाऱ्या हवेने रॅमच्या संपर्कपट्ट्यांवर आणि मदरबोर्डच्या सांध्यांवर हिरवट-पांढरी बुरशीसारखी पुटे चढतात, ती गंज आहे. मे महिन्यात आणि ऑक्टोबरात गडगडाट होऊन लॅन पोर्ट किंवा राउटर जळतो, तो वीज पडल्याने तारांतून आलेला लोंढा असतो. त्यावर रिस्ट स्ट्रॅपचा काही उपयोग नाही, प्लग आणि लॅनची केबल दोन्ही काढून ठेवणे हाच उपाय. या तीन गोष्टींची सरमिसळ केली की चुकीच्या औषधावर पैसे जातात.

आधी अर्थिंग पाहा

सगळ्या खबरदारीचा पाया एका कल्पनेवर आहे: तुम्ही, कॅबिनेट आणि हातातला भाग हे तिघे एकाच विद्युत पातळीवर असले पाहिजेत. तिघांत फरक नसेल तर ठिणगी कशाची उडणार? जमिनीशी जोडणी ही ती समान पातळी मिळवण्याची सगळ्यांत सोपी आणि भरवशाची वाट.

आपल्या तीन पिनांच्या सॉकेटमधले वरचे मोठे भोक अर्थचे. ते असते, पण त्याच्यामागे तार असतेच असे नाही. जुन्या चिरेबंदी घरांत दोन पिनांच्या बोर्डावर नंतर तीन पिनांचे सॉकेट बसवलेले असते आणि अर्थची तार हवेतच संपलेली असते. घरामागचा अर्थिंगचा खड्डा कधीतरी खणलेला, मीठ-कोळसा टाकलेला, मग विसरलेला. आपली जांभ्याची जमीन मुळातच विजेला फारशी वाट देत नाही. एप्रिल-मे महिन्यांत ती कोरडी पडली की आणखीच नाही. म्हणून उन्हाळ्यात त्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतण्याची जुन्या वायरमनांची सवय अगदी योग्य आहे.

मल्टिमीटर वापरता येत असेल तर तो एसी व्होल्टच्या ७५० किंवा ६०० च्या पट्ट्यावर ठेवा. फेज (वीज आणणारी तार) आणि न्यूट्रल (ती परत नेणारी तार) यांच्यात २३० च्या आसपास यायला हवे. फेज आणि अर्थ यांच्यातही जवळपास तेवढेच. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात दोन-तीन व्होल्ट, फार तर पाच. फेज-अर्थमध्ये मधलाच कुठला तरी आकडा हेलकावे खात असेल तर अर्थ नाही असे समजा. आकडे बरोबर आले तरी मीटर फक्त जोडणी आहे एवढेच सांगतो, ती किती दणकट आहे हे सांगत नाही. त्यासाठी वायरमनकडे वेगळे मीटर असते. मल्टिमीटर कधी हातात धरला नसेल तर सॉकेटवर पहिला प्रयोग करू नका, वायरमनलाच बोलवा.

मल्टिमीटरशिवायही एक खूण आहे, आणि ती आपल्याकडे घरोघरी सापडते. चालू कॉम्प्युटरच्या कॅबिनेटला बोटाची मागची बाजू हलकेच लागली की झणझण होते, टेस्टर लावला की तो मंद पेटतो. लोक याला "स्टॅटिक लागतं" म्हणतात. हे स्टॅटिक नव्हे. स्टॅटिक एकदाच टचकन लागते आणि संपते. हे हात लावून ठेवाल तोवर लागत राहते. एसएमपीएसच्या, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या भागाच्या, आत फेज आणि न्यूट्रलपासून धातूच्या खोक्याकडे जाणारे छोटे कपॅसिटर असतात. अर्थ नसेल तर ते खोके साधारण ११० ते ११५ व्होल्टवर तरंगत राहते. प्रवाह अगदी थोडा असतो, पण अशा मशीनला पेनड्राइव्ह, प्रिंटर किंवा टीव्ही जोडताना पोर्ट जाऊ शकतो. झणझण होणाऱ्या मशीनवर काम करायचे असेल तर प्लग सॉकेटमधून पूर्ण बाहेर काढा आणि अर्थिंग दुरुस्त होईपर्यंत रिस्ट स्ट्रॅप त्या सॉकेटशी जोडण्याचा विचारही करू नका.

अर्थ म्हणून नळाला तार जोडावी असा सल्ला जुन्या पुस्तकांत असतो. तेव्हा नळ लोखंडी होते. आता भिंतीत पीव्हीसी आहे, त्याला तार जोडून काही होत नाही. न्यूट्रलला तर कधीच जोडू नका.

बसायचे कुठे, घालायचे काय

जुन्या घरातली तांबड्या सिमेंटची जमीन आणि अनवाणी पाय ही जोडी या कामाला फार चांगली. सिमेंट ओलावा धरून ठेवते, चार्ज साठू देत नाही. चकचकीत व्हिट्रिफाइड लादी, व्हिनाइल आणि गालिचा या तिघांचे तसे नाही. टेबल साध्या लाकडाचे असेल तर उत्तम. सनमायकाचे चालेल, पण त्यावर जाड पुठ्ठा किंवा सुती चादर अंथरा. प्लॅस्टिकचे टेबल नको. प्लॅस्टिकची खुर्चीसुद्धा नको, कारण तिच्यावरून प्रत्येक वेळी उठताना कपडे घासतात आणि अंगावर नवा चार्ज येतो. लाकडी स्टुलावर बसा किंवा उभे राहून करा.

सुती कपडे, अर्ध्या बाह्या. नायलॉन, पॉलिएस्टर, लोकर नको, आणि पावसात घातलेले जॅकेट तर दाराबाहेरच. लांब केस बांधून घ्या. अंगठी, घड्याळ, गळ्यातली साखळी काढून ठेवा. हे स्टॅटिकसाठी नाही, शॉर्ट होऊ नये म्हणून.

टेबलावरून काय काय हलवायचे हे मात्र बहुतेक जण विसरतात. थर्मोकोलचा कप, पाण्याची प्लॅस्टिकची बाटली, सेलोटेप, दुकानातली कॅरी बॅग, नव्या भागाबरोबर आलेले थर्मोकोलचे साचे. या वस्तू विजेला वाहू देत नाहीत, म्हणून त्यांच्यावरचा चार्ज तुम्ही कितीही अर्थ केले तरी जात नाही. तुम्ही स्वतः रिस्ट स्ट्रॅप घालून बसलात आणि शेजारी थर्मोकोल असेल तर त्याचे विद्युत क्षेत्र मदरबोर्डवर दुरूनच परिणाम करते. अशा वस्तू बोर्डापासून किमान ३० सेंटिमीटर लांब हव्यात. सेलोटेपची पट्टी गुंडाळीवरून खेचताना हजारो व्होल्ट तयार होतात. तारा बांधायला ती उघड्या बोर्डाशेजारी फाडू नका.

रिस्ट स्ट्रॅप: घेताना, तपासताना

काही शे रुपयांची वस्तू आहे. मनगटाला पट्टा, आतून धातूची चकती किंवा धातूचे धागे, पुढे गुंडाळीदार वायर आणि टोकाला क्रोकोडाइल क्लिप. वायरीत १ मेगाओहमचा (१० लाख ओहमचा) रेझिस्टर, म्हणजे प्रवाह अडवणारा छोटा भाग, असतो आणि सगळा मुद्दा त्यात आहे. चुकून तुमचा हात २३० व्होल्टला लागला तर या रेझिस्टरमुळे पट्ट्यातून फक्त ०.२३ मिलिअँपिअर प्रवाह जातो. रेझिस्टर नसता तर तुम्ही स्वतःला जमिनीशी पक्के बांधून विजेशी खेळत असता. म्हणून घरची तांब्याची तार मनगटाला गुंडाळून कॅबिनेटला बांधायची युक्ती कोणी सांगितली तर ऐकू नका. चार्ज निथळायला १ मेगाओहमसुद्धा पुरून उरतो; क्षणाच्याही लहानशा भागात काम होते.

बाजारात वायर नसलेले पट्टेही मिळतात. ते चार्ज हवेत सोडतात म्हणे. चार्जला जायला वाट हवी आणि वाट म्हणजे वायर. असा पट्टा फुकट मिळाला तरी घेऊ नका.

नवा पट्टा घरी आणल्यावर मल्टिमीटर ओहमवर ठेवून एक टोक चकतीला, दुसरे क्लिपला लावा. १ मेगाओहमच्या जवळपास आकडा आला पाहिजे. काहीच आले नाही तर वायर आत तुटली आहे, आणि शून्याजवळ आले तर रेझिस्टरच नाही. दोन्ही वेळा परत करा. घालताना चकती कातडीला घट्ट टेकली पाहिजे, शर्टाच्या बाहीवर नव्हे. हाताची कातडी फार कोरडी असेल तर थोडे पाणी लावून पुसून घ्या.

स्ट्रॅप नसेल तर? बाकी सगळे सांभाळून एक-दोन रॅम बदलणे त्याच्याशिवायही करता येते. कॅबिनेटच्या रंग नसलेल्या उघड्या धातूला हात लावा, काम करताना डावा हात किंवा मनगट शक्यतो तिथेच टेकलेले ठेवा, आणि जागेवरून उठलात की परत आल्यावर भागाला हात लावण्याआधी पुन्हा धातूला लावा. रंगावर हात ठेवून उपयोग नाही, रंग म्हणजे प्लॅस्टिकच. प्रोसेसर किंवा मदरबोर्ड बदलायचा असेल तर मात्र स्ट्रॅप आणाच.

डेस्कटॉप: रॅम किंवा एसएसडी बदलण्याचा क्रम

शट डाउन करा. स्लीप नव्हे. मॉनिटर, प्रिंटर, लॅन, स्पीकर, सगळ्या केबली मागून काढा; प्रत्येक केबल दुसऱ्या कुठल्या तरी उपकरणाची पातळी तुमच्या बोर्डावर घेऊन येते.

आता भिंतीवरचे बटण बंद, एसएमपीएसच्या मागचा छोटा स्विचही बंद. प्लगचे काय करायचे यावर दोन मते आहेत. आपल्याकडच्या बोर्डावर बटण फक्त फेज तोडते, अर्थ जोडलेलाच राहतो. म्हणून अर्थिंग खात्रीचे असेल तर प्लग तसाच ठेवल्याने कॅबिनेट आपोआप जमिनीशी जोडलेले राहते. पण कित्येक घरांत वायरिंग करताना बटण चुकून न्यूट्रलवर बसवलेले असते. मग बटण बंद असूनही फेज आतपर्यंत येते. माझे मत विचाराल तर घरच्या कामाला प्लग काढूनच टाका. चार्ज सांभाळायला तुम्ही आणि कॅबिनेट एकमेकांशी जोडलेले असणे पुरते. बटण चालू आणि फक्त विंडोज बंद, हे मात्र कधीही नको: एसएमपीएस बोर्डाला ५ व्होल्टचा स्टँडबाय पुरवठा देत राहतो आणि त्या अवस्थेत रॅम काढणे म्हणजे स्टॅटिकची वाट न पाहता स्वतःच ती मारणे.

प्लग काढल्यावर पुढचे पॉवर बटण पाच-दहा सेकंद दाबून धरा. बोर्डावर उरलेला चार्ज संपतो. एसएमपीएसच्या आतल्या मोठ्या कपॅसिटरवर मात्र ३२५ व्होल्टच्या आसपास डीसी उरू शकते, त्यामुळे एसएमपीएसचे खोके घरी उघडायचे नाही. रिस्ट स्ट्रॅप घालून तर मुळीच नाही.

कॅबिनेट आडवे ठेवा, बाजूचे पान काढा, क्लिप आतल्या उघड्या धातूला लावा. स्क्रू जिथे बसतो त्या कडेला रंग नसतो, तिथे चांगली बसते.

नवी रॅम अजून पिशवीतच आहे हे गृहीत धरतो. ती पिशवीसकट कॅबिनेटच्या धातूला टेकवा, मगच पिशवी उघडा. हे महत्त्वाचे, कारण चार्ज फक्त तुमच्याच अंगावर असतो असे नाही. प्लॅस्टिकच्या वेष्टनातून घासत बाहेर आलेला भाग स्वतः चार्ज होतो आणि पहिल्यांदा धातूला लागताच त्याच्यातून ठिणगी बाहेर पडते. म्हणून भाग झटक्यात खेचून न काढता सावकाश, कडेला धरून. सोनेरी पट्ट्या आणि काळ्या चिपना बोट नाही. खाच जुळवा, दोन्ही टोकांना सारखा दाब द्या, खटका वाजला की झाले. एम.२ एसएसडीलाही हाच नियम, फक्त ती तिरकी सरकवून मग खाली दाबून स्क्रू लावायचा.

कोणी मदतीला असेल आणि त्याच्या हातात स्ट्रॅप नसेल, तर त्याच्याकडून भाग थेट घेऊ नका. आधी त्याच्या हाताला हात लावा, मग भाग घ्या. पाहणाऱ्याला हे थोडे विचित्र वाटते, वाटू द्या.

प्रोसेसर बदलताना कडाच धरायच्या. जुन्या एएमडीच्या प्रोसेसरला खाली पिना असतात, इंटेलच्या आणि नव्या एएमडीच्या बोर्डावर त्या सॉकेटमध्ये असतात. कुठेही असोत, बोट लागता कामा नये. मदरबोर्ड बाहेर काढून ठेवायचा तर तो ज्या पुठ्ठ्याच्या खोक्यातून आला त्यावर ठेवा. बोर्ड ज्या चंदेरी पिशवीत येतो तिच्यावरच तो ठेवून चालू करून पाहण्याची पद्धत दुकानांत दिसते, ती सोडा. त्या पिशवीत धातूचा थर असतो आणि तिचा पृष्ठभाग पूर्ण विद्युतरोधक नसतो. वीज वाहू देणाऱ्या काळ्या फोमवर बोर्ड ठेवला तर त्याच्यावरचा सीआर २०३२ चा गोल सेलही उतरू शकतो.

लॅपटॉपची गोष्ट वेगळी

लॅपटॉपच्या अडॅप्टरला बहुतेक वेळा दोनच पिना असतात, म्हणजे अर्थ नाहीच. धातूच्या अंगाचा लॅपटॉप चार्जिंगला लावून मांडीवर घेतला की झणझणतो तो त्यामुळे. उघडण्याआधी अडॅप्टर काढा, मागचे झाकण उघडा आणि सगळ्यांत आधी बॅटरीचे कनेक्टर बोर्डावरून सोडवा. ते सोडवल्याशिवाय रॅम, एसएसडी, कीबोर्डची पट्टी, कशालाही हात नाही. मग पॉवर बटण दाबून धरा.

स्ट्रॅपची क्लिप कुठे लावायची? बिजागरीजवळचा धातू किंवा पोर्टचे धातूचे अंग. क्लिप निसटून बोर्डावर पडणार नाही अशी लावा. स्क्रीन बदलत असाल तर नव्या पॅनेलवरचे संरक्षक प्लॅस्टिक शेवटी काढा, आणि तेही सावकाश. झटक्यात सोलले तर सेलोटेपसारखाच चार्ज येतो, फक्त इथे तो थेट पॅनेलच्या कडेच्या चिपजवळ असतो. गोवा सरकारच्या सायबरएज योजनेत विद्यार्थ्यांना मिळालेले जुने लॅपटॉप दुरुस्त करून धाकट्या भावंडांना देण्याची पद्धत आपल्याकडे आहे. त्यांच्या बिजागऱ्यांचे प्लॅस्टिक ठिसूळ झालेले असते, तेव्हा झाकण उघडताना घाई नको.

साफसफाई, आणि खोडरबराचे काय

रॅमच्या पट्ट्या खोडरबराने घासणे हा आपल्या दुकानांतला राष्ट्रीय उपचार आहे. खाऱ्या हवेत पट्ट्या काळवंडतात, घासले की मशीन चालू होते, हे खरे. पण रबर घासणे म्हणजे चार्ज तयार करणे, आणि सोन्याचा मुलामा इतका पातळ असतो की वारंवार घासला तर खालचा धातू उघडा पडतो. मग खारी हवा आणखी लवकर खाते. त्याऐवजी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सोडणारे कापड. पट्ट्या पुसा, वाळू द्या, बसवा. रबराचा चुरा स्लॉटमध्ये जाण्याचाही प्रश्न मिटतो.

धूळ काढायला घरचा व्हॅक्युम क्लीनर आणू नका. त्याच्या प्लॅस्टिकच्या नळीतून धूळ वेगाने जाताना नळीच्या टोकावर चांगलाच चार्ज येतो, आणि ते टोक आपण नेमके चिपवर फिरवतो. ब्लोअर चालेल, कॅबिनेट अंगणात नेऊन, थोड्या अंतरावरून. पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, ती गरगर फिरली तर बेअरिंग खराब होते आणि मोटर उलटी वीज बोर्डाकडे पाठवते. ब्रश वापरायचा तर नैसर्गिक केसांचा किंवा या कामासाठी मिळणारा काळा ब्रश. रंगकामाचा नायलॉनचा नको. एसएमपीएसमध्ये मुंग्यांनी घर केले असेल किंवा पाल मरून पडली असेल, तर (गोव्यात हे स्टॅटिकपेक्षा जास्त वेळा आढळते) ते काम जाणकाराकडे द्या.

पिशव्या आणि ने-आण

गुलाबी पिशवी आणि चंदेरी पिशवी एकसारखी नाही. गुलाबी पिशवी स्वतः चार्ज तयार करत नाही एवढेच. बाहेरून येणाऱ्या ठिणगीपासून ती वाचवत नाही. चंदेरी पिशवीत धातूचा थर असतो, ती आतल्या भागाभोवती कवच बनते. रॅम, एसएसडी, बोर्ड यांना चंदेरीच, तोंड दुमडून बंद केलेली. चुरगळलेली, भोके पडलेली पिशवी कवचाचे काम करत नाही. शर्टाच्या खिशात रॅम टाकून स्कूटरवरून फोंड्याला जाणारे लोक मी पाहिले आहेत. पॉलिएस्टरच्या शर्टात ती वाटभर घासत जाते.

पावसाळ्यात सुटे भाग साठवताना दोन शत्रू एकदम असतात. चंदेरी पिशवीत सिलिका जेलची पुडी टाका आणि ती पिशवी घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. डबा प्लॅस्टिकचा असला तरी हरकत नाही, कवच आत आहे. नुसत्या प्लॅस्टिकच्या डब्यात उघडी रॅम मात्र नको.

रोजच्या वापरात येणारे झटके

हॉटेलचे रिसेप्शन, एसीचे ऑफिस, अशा ठिकाणी पेनड्राइव्ह लावताच मशीन अडकते किंवा रीस्टार्ट होते अशी तक्रार येते. लोक पेनड्राइव्ह बदलतात, मग मशीन बदलतात. आधी अर्थिंग पाहा. नंतर खुर्ची आणि गालिचा. खुर्चीखाली चार्ज निथळू देणारी मॅट टाकून ती अर्थला जोडा. कर्मचाऱ्याला एकच सवय लावा: पेनड्राइव्ह लावण्याआधी कॅबिनेटच्या मागच्या उघड्या धातूला बोट लावायचे. हवा ओली करायचे यंत्र आणायचा सल्ला परदेशी लेखांत असतो. गोव्यात तो पाळू नका, ओलावा वाढवून गंजाला आमंत्रण द्याल.

रोज हेच काम करणाऱ्या दुकानासाठी

टेबलावर चार्ज निथळू देणारी रबरी मॅट हवी. तिचा विरोध साधारण १० लाख ते १०० कोटी ओहमच्या दरम्यान असतो, म्हणजे चार्ज जातो पण सावकाश, ठिणगी न पडता. मॅट आणि रिस्ट स्ट्रॅप दोन्ही एकाच अर्थ बिंदूला जोडा. एक भिंतीला आणि दुसरे कॅबिनेटला असे नको. सोल्डरिंग आयर्न तीन पिनांचे, टोक अर्थ केलेले. मॅट पुसायला फर्निचर चकाकवणारे द्रव वापरू नका, त्यातले सिलिकॉन मॅटवर विद्युतरोधक थर सोडते आणि मॅट नावालाच उरते. चालू एसएमपीएसवर मोजमाप करताना मात्र स्ट्रॅप काढून ठेवायचा.

स्ट्रॅप कामाला बसण्याआधी रोज तपासावा असा कारखान्यांचा शिरस्ता आहे. दुकानात आठवड्यातून एकदा तरी मल्टिमीटर लावा. वायर आत तुटलेली बाहेरून दिसत नाही. घरी वर्षातून दोन-तीनदाच लागणारा पट्टा चवथीनंतर, पाऊस ओसरला की एकदा काढून पाहा: क्लिपच्या दातांवर गंज चढलेला असतो, स्प्रिंग सैल पडलेली असते. दात घासकागदाने घासा, पुन्हा १ मेगाओहम येतो का ते मोजा, आणि येत नसेल तर नवा घ्या.